फुटपाथच्या उताराचा खर्च कोणत्या खात्यातून?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या रस्त्यांना पैसा मिळतो. २००३ साली मिळाला, २०१५ साली मिळाला, आणि आता ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली अमृतस्नानं समोर ठेवून पुन्हा मिळतो आहे. या वेळी कुंभमेळ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, त्याचा वेगळा कायदा आहे आणि कामांच्या याद्या हजारो कोटींच्या आहेत. वळणरस्ता, पूल, घाट, रुंदीकरण, काँक्रिटीकरण. फुटपाथ या याद्यांमध्ये रस्त्याच्या पोटात येतो. त्याला वेगळा आकडा नसला की खर्च वाढल्यावर कात्री तिथेच लागते, आणि लागली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

व्हीलचेअरवरच्या माणसाला, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हळूहळू पाऊल टाकणाऱ्या आजीला वापरता येईल असा फुटपाथ नाशिकमध्ये करायचा, तर पैसा कुठून वळवायचा? ‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते खरं नाही. निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, वेगवेगळ्या अटींसह येतो आणि वेगवेगळ्या टेबलांवरून जातो. त्यातला कोणता हलवावा आणि कोणत्याला हात लावू नये, खरा वाद इथे आहे.

आधी अडचण जवळून पाहायला हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, मापं स्पष्ट आहेत. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, आणि उतार १ ला १२, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. आता गणित करून पाहावं. पंधरा सेंटिमीटरची कडा उतरवायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. फुटपाथच १.८ मीटर रुंद असेल, तर सगळी रुंदी उतारात जाते आणि सरळ पुढे जाणाऱ्याला तिरक्या जमिनीवरून चालावं लागतं. म्हणून जाणते अभियंते कोपऱ्यावर अख्खा फुटपाथच हळूहळू खाली आणतात, नाहीतर रस्ता ओलांडायची जागा उचलून फुटपाथच्या पातळीला नेतात. उताराच्या पायथ्याशी पावसाचं पाणी थांबता कामा नये. गटाराच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात. हे सगळं दोन मीटरच्या तुकड्यात बसवायचं असतं. माल फारसा लागत नाही. लागते ती आखणी आणि काम चालू असताना तिथे उभा राहणारा माणूस.

प्रत्यक्षात काय होतं? डांबराचा जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर दिला जातो, रस्ता वर येतो. पुढच्या खेपेला फुटपाथचं काम निघालं की फुटपाथ त्याहून वर नेला जातो. बंगल्यांच्या आणि दुकानांच्या फाटकांपाशी प्रत्येकाने आपापल्या गाडीपुरता उतार काढलेला असतो, त्यामुळे कॉलेज रोडसारख्या रस्त्यावर चालणाऱ्याला शंभर मीटरमध्ये अनेकदा चढ-उतर करावी लागते. मधे विजेची डीपी, फलकाचा खांब, झाडाचा उंच कठडा, उभ्या केलेल्या दुचाकी. धडधाकट माणूस अशा वेळी खाली उतरून रस्त्याने चालतो. व्हीलचेअरवरचा माणूस उतरू शकत नाही. तो घरीच राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि तेव्हाच्या यादीत अपंगत्वाचे प्रकार आजच्यापेक्षा कमी होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. नाशिकपुरतं बोलायचं तर दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’चं महाराष्ट्राचं कामकाज सातपूरहून चालतं. दृष्टिहीन माणसाला काठीने चालायचं प्रशिक्षण एका शहरात द्यायचं आणि ते वापरायला त्याच शहरात सलग फुटपाथ मिळू नये, ही नाशिकने मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे.

रस्ता ओलांडताना जमिनीवरचे पिवळे खडबडीत ठोकळे अनेकांनी पाहिले असतील. जपानमधल्या ओकायामा शहरात १८ मार्च १९६७ रोजी ते पहिल्यांदा बसवले गेले; सेइची मियाके यांनी ते दोन वर्षं आधी तयार केले होते. लांब रेघांचा ठोकळा म्हणजे पुढे चला, गोल ठिपक्यांचा म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. ही पायाने वाचायची लिपी आहे. आपल्याकडे निविदेत ‘टॅक्टाइल टाइल्स’ चौरस मीटरच्या दराने येतात, म्हणून त्या सजावटीच्या पट्टीसारख्या बसवल्या जातात: रेघा खांबाला जाऊन भिडतात, ठिपके कोपऱ्यावर असायचे ते मधेच कुठेतरी येतात. दृष्टिहीन माणसाला अशी पट्टी खोटी माहिती देते. पैसा खर्च होतो, मोजमाप पुस्तिकेत काम चढतं, बिल निघतं, आणि तिच्या भरवशावर चालणारा खांबावर आदळतो.

कायद्याची बाजू मात्र जुनी आणि भक्कम आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४५ मध्येच फुटपाथला उतार, सिग्नलला आवाज आणि झेब्रा पट्ट्यांवर खोदीव खुणा सांगितल्या होत्या. पण सोबत एक पळवाट होती: आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. वीस वर्षं ती मर्यादा पुढे करण्यात गेली. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ४१ ने सुगम रस्ते सरकारांच्या जबाबदारीत घातले. नियम तरीही ढिले राहिले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुदतींसह आदेश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. निकालाचा गाभा असा, की सुगम्यतेची किमान मापं सक्तीचीच हवीत, ती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्तासुरक्षेच्या प्रकरणात पादचाऱ्यांचा फुटपाथ वापरण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला आणि तो फुटपाथ अपंगांनाही वापरता यायला हवा हे स्पष्ट केलं. म्हणजे आता प्रश्न करायचं की नाही हा उरला नाही. कोणत्या पैशातून, एवढाच उरला.

सगळ्यात सोपं उत्तर महापालिकांच्या हाताशी असतं आणि तेच सगळ्यात चुकीचं आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतला ठरावीक वाटा अपंगांसाठी राखून ठेवायचा असतो. आधी तो ३ टक्के होता, २०१८ पासून ५ टक्के झाला. त्याचे दोन भाग असतात: वैयक्तिक लाभ आणि सामूहिक योजना. वैयक्तिक लाभात मासिक अर्थसाहाय्य, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्रं, व्यवसायाला मदत असे विषय येतात. सामूहिक योजनांत सार्वजनिक ठिकाणी अडथळाविरहित वातावरण, रॅम्प, रेलिंग, स्वच्छतागृहं येतात. हा दुसरा भाग अभियंत्यांना मोहात पाडणारा आहे. मार्चअखेर निधी अखर्चित दिसला की फुटपाथचं एखादं काम त्यात बसवता येतं आणि टक्केवारी पूर्ण होते.

नाशिकमध्ये या निधीचा इतिहास कडवट आहे. हा राखीव निधी खर्च होत नाही, या तक्रारीवरून जुलै २०१७ मध्ये आमदार बच्चू कडू अपंग आंदोलकांना घेऊन महापालिकेत आले. तत्कालीन आयुक्त अभिषेक कृष्णा यांच्या दालनात वाद विकोपाला गेला, कडू यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि खटला कित्येक वर्षं चालला. आयुक्तांवर हात उगारणं कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पण त्या बातम्यांच्या गदारोळात मूळ हिशेब झाकला गेला, तो असा की अपंगांच्या नावाने राखलेला पैसा अपंगांच्या हातात का पोहोचत नाही. आज त्या निधीतून अर्थसाहाय्य घेणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या औषधांचा खर्च त्यावर अवलंबून असतो. त्यातून पेव्हर ब्लॉक घेणं म्हणजे एका अपंगाचं पेन्शन काढून दुसऱ्याच्या वाटेवर अंथरणं. शिवाय फुटपाथ अपंगांच्या खात्यातून झाला, की तो ‘त्यांच्यासाठी’ केलेला उपकार ठरतो. बांधकाम विभागाची जबाबदारी संपते आणि पुढच्या रस्त्याला पुन्हा उतार नसतो. वास्तविक त्या उतारावरून बाबागाडी जाते, भाजीची पिशवी ओढणारी बाई जाते, गॅस सिलिंडर ढकलणारा जातो. तो रस्त्याचा भाग आहे आणि रस्त्याच्याच पैशातून व्हायला हवा.

मग रस्त्याचे पैसे कोणते?

स्मार्ट सिटी योजना हे पहिलं उदाहरण. जून २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली, २०१६ मध्ये नाशिकची निवड झाली आणि ३१ मार्च २०२५ ला योजना संपली. केंद्राकडून एका शहराला पाच वर्षांत ५०० कोटी आणि तेवढीच भर राज्य व महापालिकेची, असा तिचा आराखडा होता. नाशिकने त्यातून त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा सुमारे १.१ किलोमीटरचा ‘स्मार्ट रोड’ केला. मेहेर सिग्नल, सीबीएस बसस्थानक, न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय: जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याचा माणूस कधी ना कधी ज्या रस्त्याने चालतो, तोच नेमका निवडला होता. जागा अचूक होती. काम मात्र फार रेंगाळलं; महिनोन्‌महिने रस्ता उकरलेला राहिला आणि लोकांच्या मनात रुंद फुटपाथ म्हणजे कोंडी अशी गाठ बसली. फुटपाथसाठी पैसा मागणाऱ्यांना आजही हे नाव ऐकवलं जातं. त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. एका किलोमीटरच्या नमुन्यावर सगळा जीव ओतण्याऐवजी तोच पैसा शहराच्या सहा विभागांतल्या दवाखान्यांच्या, शाळांच्या, बसथांब्यांच्या आसपासच्या कोपऱ्यांवर पसरला असता, तर सिडकोतल्या आणि नाशिकरोडच्या माणसालाही तो दिसला असता.

दुसरा पैसा हवेचा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नीट बघावं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला; हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांत नाशिक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरी समूहांचं अनुदान हवा, पाणी आणि घनकचरा यांच्याशीच बांधून टाकलं. शहरातल्या धुळीचा मोठा वाटा रस्त्याच्या कडेच्या उघड्या मातीतून येतो. त्यामुळे हवा सुधारण्याच्या आराखड्यांत कडेपासून कडेपर्यंत फरसबंदी हा मान्य उपाय आहे. नाशिकने या निधीतून यांत्रिक झाडूंची वाहनं घेतली. झाडू धूळ उचलतो. कडेची माती झाकली तर धूळ उडतच नाही. ज्या पट्ट्यावर माती झाकायची, त्याच पट्ट्यावर १.८ मीटरचा सपाट, सलग फुटपाथ होतो. अनुदानाची अट पाळली जाते आणि चालणाऱ्याला वाट मिळते. पंधराव्या आयोगाचा काळ २०२५-२६ ला संपतो आणि सोळाव्याचा २०२६-२७ पासून सुरू होतो. नव्या अनुदानासाठी आराखडे करताना ही सांगड घालायला कोणाच्या विशेष परवानगीची गरज नाही.

तिसरा आणि सगळ्यात मोठा पैसा रोजच्या रस्तेकामांचा: डांबरीकरण, काँक्रिटीकरण, खोदाईनंतरची दुरुस्ती. घरगुती गॅस, केबल, पाणी, मलनिस्सारण यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत शहरभर खोदाई झाली. खोदणारी संस्था महापालिकेला रस्ता तोडफोड शुल्क भरते. ते शुल्क रस्ता होता तसा करण्यासाठी आहे. ‘होता तसा’ याऐवजी ‘कायद्याला हवा तसा’ एवढा बदल परवानगीच्या अटीत केला, तर कोपऱ्यावरचा प्रत्येक खड्डा बुजवताना तिथे उतार होऊ शकतो.

अमेरिकेत हा मुद्दा न्यायालयातून सुटला. तिथे १९९० चा अपंगांविषयीचा कायदा आल्यावर फिलाडेल्फियात वाद झाला, की रस्त्यावर नुसतं डांबर टाकलं तर कोपऱ्यावर उतार करणं बंधनकारक आहे का. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, आहे. डांबरीकरण हा रस्त्यातला बदल आहे आणि बदल केला की सुगम्यता आलीच. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो शहरात २००२ साली अपील न्यायालयाने फुटपाथ ही महापालिकेची सेवाच आहे असं ठरवलं. पुढच्या तडजोडीत शहराने तीस वर्षांपर्यंत दरवर्षी वाहतूक निधीतला २० टक्के वाटा फुटपाथ सुगम करायला द्यायचं कबूल केलं. पैसा कल्याण खात्यातून आला नाही, वाहतुकीच्या खात्यातून आला. लॉस एंजेलिसला २०१६ मध्ये अशाच दाव्यात तीस वर्षांत १४० कोटी डॉलर्स खर्च करायचं मान्य करावं लागलं. वेळेवर न केलेलं काम किती महाग पडतं, ते या आकड्यात दिसतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये मोटारविरहित वाहतुकीचं धोरण मंजूर केलं आणि वाहतुकीच्या तरतुदीचा किमान ६० टक्के भाग चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी ठेवायचं ठरवलं. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाला. पुण्यातही सगळं आलबेल नाही. पेठांमधून चालणाऱ्याला ते कळतं. पण धोरण असलं की नागरिकाला बोट ठेवायला कागद मिळतो.

पैशाने सगळं सुटतं असं मात्र नाही. मुंबईत फुटपाथच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून स्टीलचे खांब रोवले आणि त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईना. एका नागरिकाच्या तक्रारीवरून उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. खांबही पैसे खर्चूनच बसवले होते, फक्त दोन खांबांमधलं अंतर कोणी मोजलं नव्हतं. नाशिकचा द्वारका चौक हे दुसरं उदाहरण. उड्डाणपुलाच्या वेळी तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केला आणि तो ओस पडून राहिला. पायऱ्या उतरा, अंधारातून जा, पुन्हा पायऱ्या चढा, हे पायांनी धड असलेल्यालाही नको असतं. त्याच पैशात जमिनीच्या पातळीवर, सिग्नलसह, सुरक्षित ओलांडणी झाली असती.

फेरीवाल्यांचा प्रश्न टाळून चालणार नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली अतिक्रमण विनानोटीस हटवता येतं, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली फेरीवाल्यांना जागा आणि प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे. रविवार कारंजा, शालिमार, मेन रोडवर दोन्ही गोष्टी एकाच दगडी पट्ट्यावर येऊन भिडतात. फेरीवाल्याला हुसकावून मिळालेला फुटपाथ आठवड्यात पुन्हा भरतो, कारण त्याचंही पोट आहे आणि गिऱ्हाईकही तिथेच चालतं. आखणीतच चालण्याची पट्टी वेगळी आणि विक्रीची पट्टी वेगळी दाखवावी, त्यासाठी लागणारी रुंदी पार्किंगमधून काढावी. यात दुकानदार चिडतात. चिडू द्यावं, पण समजावून सांगण्याचं काम महापालिकेने सोडू नये.

आणि पुन्हा सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाजवळच्या अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. चालणाऱ्याच्या वाटेची रुंदी आणि उतार हा नाशिकमध्ये जिवाचा विषय आहे, हे त्या सकाळी शहराला कळलं. कुंभाला येणाऱ्यांत वृद्ध मोठ्या संख्येने असतात. खांद्यावर बोचकं, हातात नातवाचं बोट, पायात दुखणं. नाशिकरोड स्टेशन, सीबीएस, पंचवटी आणि तपोवनातून रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटा सिंहस्थाच्या पैशातून होणारच आहेत. त्या घाईघाईने काँक्रीट ओतून केल्या आणि कडा पंधराच्या पंचवीस सेंटिमीटर झाल्या, तर पर्व संपल्यावर पुढची बारा वर्षं पंचवटीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच चढाव्या लागतील.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नाशिक महापालिका प्रशासकाच्या हाती होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक सभागृहात परत आले. प्रभागातल्या कामांच्या यादीत फुटपाथला वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम लिहिण्याचा आग्रह आता त्यांना धरता येतो, स्थायी समितीत अंदाजपत्रकावर बोलताना विचारताही येतो. सगळ्यात स्वस्त बदल तर निविदेच्या अटीत आहे. सध्या फुटपाथ लांबी-रुंदीने मोजला जातो. त्याऐवजी प्रत्येक कोपऱ्याचा उतार, कडेची उंची आणि मोकळी रुंदी मोजमाप पुस्तिकेत लिहावी. अंतिम देयकाआधी शहरातल्या अपंग संघटनांपैकी व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती आणि एक दृष्टिहीन व्यक्ती यांनी कनिष्ठ अभियंत्यासोबत त्या रस्त्यावरून जाऊन सही करावी, आणि या फेरीचं मानधन रस्त्याच्या कामातूनच द्यावं. कुंभाच्या कामांच्या निविदांना शुद्धिपत्रक काढून ही अट आजही घालता येते.